मिरगीची गोळी मला कशाला दिली?

दवाखान्यातून चिठ्ठी घरी येते. शिकलेला मुलगा किंवा नातीण मोबाईलवर गोळीचे नाव टाकून पाहते, आणि घरात एकच गोंधळ उडतो. "आजीच्या तर गालात कळ येते, डॉक्टरांनी मिरगीची गोळी कशाला दिली?" आजी गोळी उशीखाली ठेवून देते. दुसऱ्या घरी याच्या उलट घडते. पोराला झटके येत होते, गोळी सुरू केली, सहा महिने झटका आला नाही. "आता बरा झाला," म्हणून गोळी बंद होते, आणि पंधरा दिवसांत पोरगा विहिरीच्या काठावर पडतो.

या दोन्ही घरांत गोळी बहुधा एकच असते. तिचे नाव कार्बामाझेपिन. बाजारात ती टेग्रेटॉल आणि इतर अनेक नावांनी मिळते. मार्कंडा, चामोर्शीपासून मूल, सावलीपर्यंतच्या आपल्या वस्त्यांत ही गोळी पुष्कळ घरांत आहे, पण तिच्याविषयी सांगणारे कोणी नाही. दवाखान्यात रांग मोठी असते, डॉक्टरांना वेळ कमी असतो, आणि आपल्यालाही विचारायचा संकोच वाटतो. म्हणून या अंकात आम्ही हीच एक गोळी घेतली आहे. हे पान वाचून कोणी स्वतःच गोळी सुरू करू नये किंवा बंद करू नये. डॉक्टरांनी दिलेली गोळी समजून उमजून घेता यावी, एवढाच आमचा हेतू आहे.

मिरगी म्हणजे नेमके काय?

आपल्या मेंदूत कोट्यवधी पेशी आहेत. त्या एकमेकींना विजेच्या अगदी बारीक लहरींनी निरोप देतात. हात उचलणे, बोलणे, आठवणे हे सगळे त्या निरोपांवर चालते. कधी कधी मेंदूच्या एखाद्या भागात या लहरी एकाच वेळी, आवरता न येता उसळतात. तेवढ्या वेळापुरता माणसाचा ताबा सुटतो. हात-पाय आखडतात, झटके येतात, तोंडाला फेस येतो, कधी लघवी होते. यालाच आपण मिरगी, फेफरे, फिट किंवा झटके म्हणतो. डॉक्टर अपस्मार म्हणतात.

प्रत्येक फिट अशी मोठी नसते. कोणाचा नुसता एक हात थरथरतो, कोणी दोन मिनिटे हरवल्यासारखा ओठ चाटत बसतो आणि नंतर त्याला काही आठवत नाही. हीसुद्धा मिरगीच आहे. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. योग्य औषध नियमित मिळाले तर त्यांतल्या १०० पैकी ७० जणांच्या फिट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा वेड लागण्याचा आजार नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. उष्टे खाल्ल्याने, फेसाला हात लावल्याने होत नाही.

कारणे मात्र अनेक असतात. बाळंतपणात मूल उशिरा रडणे, डोक्याला मार, मेंदूज्वर, मेंदूत चढलेला मलेरिया, लकवा, दारू. 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा दर सात मृत्यूंपैकी जवळपास एक लकव्याने झालेला आढळला. जे लकव्यातून वाचतात त्यांच्यापैकी काहींना पुढे फिट येऊ लागतात. म्हातारपणी पहिल्यांदाच फिट आली तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका.

आणखी एक कारण आपल्या वस्तीच्या सांडपाण्याशी जोडलेले आहे. ज्याच्या पोटात डुकराच्या मांसातला पट्टकृमी आहे, त्याच्या शौचातून त्या जंताची अंडी बाहेर पडतात. ती माती, पाणी, न धुतलेला भाजीपाला आणि अस्वच्छ हात यांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. पुढे मेंदूत गाठ होते आणि फिट येते. म्हणजे डुकराचे मांस कधीच न खाणाऱ्यालाही हा त्रास होऊ शकतो. संडासचा वापर, साबणाने हात धुणे आणि भाजी स्वच्छ पाण्याने धुणे हाही मिरगी टाळण्याचाच उपाय आहे.

सिकलसेलचा आजार आपल्या विदर्भात, आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांतही आहे. सिकलसेलच्या मुलाला फिट आली, किंवा एका बाजूची ताकद गेली, तर मेंदूचा रक्तपुरवठा अडल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी सिकलसेल कार्ड सोबत घेऊन लगेच मोठा दवाखाना गाठावा.

नसेची कळ वेगळी असते

आता दुसरे घर पाहू. आजीच्या गालात, हिरडीत, ओठाजवळ विजेचा झटका बसावा तशी कळ येते. काही सेकंदांत जाते, पुन्हा येते. तोंड धुताना, घास चावताना, वारा लागला तरी येते. नेहमी एकाच बाजूला. हे चेहऱ्याच्या नसेचे दुखणे आहे. पण लोकांना वाटते दात दुखतो. त्यात खर्रा खाणारी असेल तर दाताचीच शंका घेतली जाते. एक दात काढला, दुसरा काढला, कळ तशीच. असे पुष्कळांच्या बाबतीत होते. दाताच्या डॉक्टरांनी "दात चांगला आहे" असे सांगितले तर दात काढायचा हट्ट धरू नका. मेडिकलमधून आणलेली साधी वेदनेची गोळी या कळीवर फारशी चालत नाही, कारण इथे सूज किंवा जखम नाही, नसच चुकीचा निरोप पाठवते आहे. या दुखण्यावर कार्बामाझेपिन हे पहिल्या पसंतीचे औषध आहे.

नसांचे दुखणे इतर कारणांनीही होते. शुगरच्या बिमारीत तळपायांची आग होते, मुंग्या येतात. नागीण बरी झाली तरी त्या जागी महिनोन्‌महिने जळजळ राहते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेह होता. १९४८ च्या सुमारास, घटनेचे काम चालू असतानाच, पायांतल्या नसांच्या वेदनांमुळे त्यांना झोप लागत नसे. आज आपण ज्या गोळ्यांविषयी बोलतो आहोत त्या तेव्हा निघाल्याही नव्हत्या. शुगर आणि नागिणीनंतरच्या वेदनेत डॉक्टर बहुधा कार्बामाझेपिनऐवजी गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन देतात. गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिन यासुद्धा मुळात फिटच्याच गोळ्या आहेत. म्हणून नाव वाचून घाबरू नका.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आपले दोन्ही जिल्हे कुष्ठरोगाचे जुने ठाणे आहेत. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले ते याच कारणाने. कोपराजवळची, गुडघ्यामागची नस जाड होऊन दुखत असेल, अंगावर सुन्न चट्टा असेल, हाताची बोटे वाकत असतील किंवा पाऊल लोंबत असेल, तर नुसती वेदनेची गोळी घेऊन बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. नस अचानक दुखू लागली तर तिची सूज उतरवणारे वेगळे औषध लवकर सुरू करावे लागते. उशीर झाला तर बोटे कायमची जातात.

गोळी काम कशी करते?

गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की खाली वैनगंगेला काय होते ते आपल्या लोकांना सांगायला नको. नसेच्या पेशीलाही असेच बारीक दरवाजे असतात. ते उघडले की क्षार आत शिरतात आणि विजेची लहर पुढे जाते. मग दरवाजे बंद होतात, थोडी विश्रांती घेतात आणि पुन्हा उघडतात. मिरगीत आणि नसेच्या कळीत हे दरवाजे विश्रांती न घेता फटाफट उघडत राहतात. कार्बामाझेपिन दरवाजे कायमचे बंद करत नाही. ते इतक्या लवकर पुन्हा उघडू नयेत, एवढीच काळजी घेते. म्हणून रोजचे निरोप चालू राहतात आणि पूर मात्र अडतो. मेंदूतला पूर अडला की फिट थांबते, गालाच्या नसेतला अडला की कळ थांबते. एकच गोळी दोन आजारांवर का चालते, याचे उत्तर हे आहे.

वाल्टर शिंडलर या रसायनशास्त्रज्ञाने १९५३ साली स्वित्झर्लंडमध्ये हे औषध शोधले. अमेरिकेत त्याला १९६८ साली आधी चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यासाठी परवानगी मिळाली आणि १९७४ साली मिरगीसाठी. म्हणजे "मिरगीची गोळी" हे तिचे एकच नाव खरे नाही. जगाच्या आणि भारताच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे.

मात्र सगळ्या प्रकारच्या फिटवर ती चालत नाही. काही मुले बोलता बोलता दहा सेकंद टक लावून थांबतात, काहींना सकाळी उठल्यावर हातांना दचके बसतात. अशा काही प्रकारांत ही गोळी फिट वाढवू शकते. म्हणून शेजारच्या पोराला लागू पडलेली गोळी आपल्या पोराला देऊ नका. फिट कशी येते ते पाहणाऱ्याने डॉक्टरांना सांगावे. जमल्यास मोबाईलवर चित्रण करून दाखवावे. त्याने निदान करायला फार मदत होते.

हळू सुरुवात, नियमित वेळ

ही गोळी १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅमची असते. मोठ्या माणसाला बहुधा १०० किंवा २०० ने सुरुवात करतात आणि हळूहळू वाढवतात. कोणाला किती हे डॉक्टर ठरवतील. पहिल्या काही आठवड्यांत आपले यकृत ही गोळी लवकर लवकर पचवायला शिकते. त्यामुळे सुरुवातीला लागू पडलेली मात्रा महिन्याभराने कमी पडू शकते. डॉक्टरांनी गोळी वाढवली म्हणजे आजार वाढला असे नाही.

गोळी जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर, रोज ठरलेल्या वेळी घ्यावी. पाकिटावर 'एसआर' किंवा 'सीआर' लिहिले असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी आहे. ती चावू नये, कुटून देऊ नये. एक वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ झालीच असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

ओलाव्याने ही गोळी खराब होते. तिची ताकद एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकते. आपल्याकडचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. गोळ्या पाकिटातच ठेवाव्यात, पाकीट घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, माठापासून आणि गळक्या छतापासून दूर ठेवावे. मुलांच्या हाती लागू देऊ नये.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे फिट थांबली म्हणून गोळी थांबवू नका. फिट थांबली आहे ती गोळीमुळे. साधारणपणे निदान दोन वर्षे एकही फिट आली नाही तर डॉक्टर गोळी कमी करण्याचा विचार करतात, आणि तीही हळूहळू काही महिन्यांत. एकदम बंद केली तर एकामागून एक फिट येऊन जीव जाऊ शकतो. पाकिटात आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवे पाकीट आणायला निघा. पुरात रस्ते बंद होणाऱ्या गावांनी पावसाळ्याआधीच महिन्याभराचा साठा मागून घ्यावा.

त्रास कोणता, धोका कोणता?

सुरुवातीच्या दिवसांत झोप येणे, चक्कर, मळमळ, चालताना तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे असे होऊ शकते. बहुतेकांचे हे काही दिवसांत कमी होते. जास्त वाटले तर डॉक्टर मात्रा कमी करतात. त्या दिवसांत झाडावर चढू नये, गाडी चालवू नये.

पण पुढच्या खुणा दिसल्या तर वाट पाहू नका. पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पहिली खूण म्हणजे अंगावर पुरळ. तोंडात, डोळ्यांत, गुप्तांगात फोड येणे, ताप येणे आणि कातडी सुटणे हे फार धोक्याचे आहे. हे बहुधा पहिल्या दोन महिन्यांत होते. आशियातल्या काही लोकांत जन्मजात असा गुण असतो की त्यांना हा धोका जास्त असतो. घरात कोणाला या गोळीने असे झाले असेल तर आधीच सांगा. याला "गोवर निघाला" किंवा "देवी आली" म्हणून घरी ठेवू नका.

दुसरी खूण म्हणजे घसा दुखून ताप येणे, तोंड येणे, अंगावर निळे डाग पडणे. रक्तातल्या पेशी कमी झाल्या असू शकतात. तिसरी, डोळे पिवळे होणे आणि लघवी गडद होणे. चौथी म्हाताऱ्या माणसांत दिसते. ते बरळू लागतात, ओकाऱ्या होतात, फार सुस्ती येते. या गोळीने रक्तातला मिठाचा अंश कमी होतो तेव्हा असे होते. म्हणून डॉक्टर मधूनमधून रक्त तपासायला सांगतात. ती तपासणी टाळू नका. पाचवी खूण मनाची आहे. माणूस गप्प गप्प झाला, जीव नकोसा वाटतो म्हणू लागला, तर त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांना सांगा. १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसची फुकट मदत मिळते.

दुसरी औषधे चालू असतील तर

कार्बामाझेपिन यकृताला इतके चपळ करते की दुसरी अनेक औषधेही शरीरातून लवकर बाहेर जातात. उलट काही औषधे हिलाच शरीरात साठवून ठेवतात. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी आधी सांगा, "मला ही गोळी चालू आहे."

गडचिरोलीत मलेरिया जास्त आहे, हे आपण जाणतो. मलेरियाच्या काही औषधांचा परिणाम ही गोळी कमी करते, तर काही मलेरियाची औषधे फिट वाढवू शकतात. याचा अर्थ मलेरियाची गोळी घ्यायची नाही असा मुळीच नाही. मलेरिया अंगावर काढला तर तोच मेंदूत चढतो. आशाताई रक्ताचा थेंब घ्यायला आली की तिला मिरगीच्या गोळीचे पाकीट दाखवा. बाकी डॉक्टर ठरवतील. आणि तापात फिट आली तर, आधीपासून मिरगी असली तरी, मलेरियाची तपासणी तातडीने करून घ्या.

टीबीच्या औषधांतली आयसोनियाझिड ही गोळी कार्बामाझेपिन अंगात वाढवते. घसा-खोकल्यासाठी मिळणाऱ्या एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिनचेही तसेच. मग चक्कर येते, तोल जातो. वेदनेसाठी दिली जाणारी ट्रॅमाडॉल ही गोळी फिट आणू शकते. एचआयव्हीची आणि रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तरीही सांगायलाच हवे. दारूबरोबर ही गोळी घेऊ नये. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी मोहाची दारू कुठे मिळते ते लोकांना ठाऊक असते. दारू पिण्यानेही आणि रोज पिणाऱ्याने एकदम सोडल्यानेही फिट येते. ज्याला सोडायची आहे त्याने दवाखान्याच्या मदतीने सोडावी.

बाया-मुलींसाठी

ही गोळी घेणाऱ्या बाईने माला-डी, माला-एन यांसारख्या पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांवर विसंबू नये. त्यांचा परिणाम कमी होऊन दिवस जाऊ शकतात. तांबी चालते. तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शनही चालते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला विचारून ठरवा.

मूल हवे असेल तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना सांगा. या गोळीने बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष राहण्याचा धोका थोडा वाढतो. तो साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी आहे. फॉलिक ॲसिडची गोळी आधीपासून सुरू करतात, सोनोग्राफी वेळेवर करतात. दिवस गेले म्हणून घाबरून मिरगीची गोळी एकदम सोडू नका. मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही जास्त घातक ठरते. बाळंतपण दवाखान्यातच करा. अंगावर दूध पाजायला बहुधा हरकत नसते. बाळ फार सुस्त वाटले, दूध ओढेना, तर दाखवा.

आता लग्नाचे. पोरीला मिरगी आहे हे लपवून लग्न लावले जाते. मग सासरी ती गोळी लपूनछपून घेते, किंवा घेतच नाही, आणि पहिली फिट तिथेच येते. लोकांना वाटते मिरगीमुळे लग्न रद्द होते. हिंदू विवाह कायदा १९५५ बौद्धांनाही लागू आहे. त्यात आणि विशेष विवाह कायद्यात पूर्वी मिरगीचा उल्लेख अडथळा म्हणून होता. १९९९ साली दुरुस्ती करून तो काढून टाकला आहे. मिरगी असलेली मुलगी शिकू शकते, नोकरी करू शकते, संसार करू शकते, आई होऊ शकते. आजार लपवण्यापेक्षा आधी सांगून, गोळीसकट तिला स्वीकारणारे घर पाहावे. आणि आपल्या घरी अशी सून आली तर तिची गोळी वेळेवर मिळते की नाही हे सासूने पाहावे.

जत्रा, नाटक, नदी आणि चूल

महाशिवरात्रीला मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी मोठी जत्रा भरते. दुकान लावायला, मजुरीला, फिरायला आपले लोकही जातात. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. मिरगीच्या माणसाला जागरण हा मोठा शत्रू आहे. एक रात्र झोप गेली आणि एक गोळी चुकली की फिट ठरलेली समजा. हौस मारू नका, पण अर्धे नाटक पाहून घरी या, आणि गोळी खिशात असू द्या.

नदीत, तळ्यात, विहिरीवर एकट्याने उतरू नये. फिटमध्ये गुडघाभर पाण्यातही माणूस बुडतो. अंघोळ बादलीने करावी, दाराला आतून कडी लावू नये. चुलीजवळ एकटीने बसू नये, शक्यतो चूल उंच ओट्यावर घ्यावी. तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात जाताना सोबतीला आजार माहीत असावा. फिट येत असेपर्यंत गाडी किंवा ट्रॅक्टर चालवू नये.

फिट आली तर काय करावे?

माणसाला कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ कापड ठेवा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू आणि विस्तव दूर करा. गळ्याजवळचे कपडे सैल करा. घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. हात-पाय दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. ती दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला मिळते. पाच मिनिटांच्या वर चालली, शुद्ध न येता दुसरी आली, पाण्यात पडला, बाई गरोदर आहे, किंवा पहिलीच वेळ आहे, तर १०८ ला फोन करा.

"लागिर झाले" म्हणून बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे, चपलेचे पाणी पाजणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात ज्यांच्या आजा-पणज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांच्या घरात भगताचा अंगारा येऊ नये. पण आजारी माणसाच्या घरच्यांना हिणवूनही उपयोग नाही. ते घाबरलेले असतात. त्यांना दवाखान्यापर्यंत सोबत करणे हेच खरे काम आहे. "मिरगी मुळापासून घालवतो" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांपासूनही सावध राहा. अशा पुड्यांत फिटच्याच तीव्र गोळ्या कुटून घातल्याचे आपल्या देशात उघडकीला आले आहे. पुडी संपली की फिट दुपटीने येते.

गोळी कुठे मिळेल?

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. चामोर्शीचे ग्रामीण रुग्णालय त्यांतच येते. गोळी संपली असे उत्तर मिळाले तर "पुन्हा कधी येईल, तोवर कुठे मिळेल" हे शांतपणे विचारा आणि चिठ्ठीवर लिहून मागा. विकत घ्यावी लागली तर जनऔषधी केंद्रात स्वस्त पडते. दर वेळी शक्यतो एकाच कंपनीची घ्यावी. साध्या गोळीऐवजी 'एसआर' किंवा 'एसआर'ऐवजी साधी गोळी मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून बदलू नये.

दवाखान्यात जाताना एक वही न्या. त्यात फिट किंवा कळ कोणत्या दिवशी आली, किती वेळ राहिली, कोणती गोळी चुकली, पाळी कधी होती, ताप होता का, हे लिहिलेले असावे. डॉक्टरांना चार प्रश्न विचारा: ही गोळी कशासाठी? किती दिवस? रक्त कधी तपासायचे? माझ्या दुसऱ्या गोळ्यांबरोबर चालेल का? हे विचारणे उद्धटपणा नाही. तो आपला हक्क आहे.

विहारातल्या महिला मंडळाने आणि शिकलेल्या पोरापोरींनी एवढे करावे. वस्तीत ही गोळी कोणाकोणाला चालू आहे ते त्यांचा मान राखून, त्यांच्या संमतीने माहीत करून घ्यावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढून द्यावा. महिन्यातून एकदा, दवाखान्याच्या दिवशी, एकाने सगळ्यांसोबत जावे.